दाबाची नोंद : त्वचेचा हिशेब आणि संगणक

“दुखले असते तर वेळीच लक्षात आले असते.” मधुमेही रुग्णाच्या तळपायाची जखम पाहून आप्तांच्या तोंडून निघणारे हे उद्गार आम्हांस अपरिचित नाहीत. पायावर दिवसभर दाब पडत असता शरीराने वर्दी का दिली नाही, या रास्त प्रश्नाचा उलगडा देणगीदार, विश्वस्त व आप्तेष्टांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

त्वचेतील काही स्पर्शग्राही स्पर्श सुरू होताना व सुटताना तेवढे संदेश देतात. दाब टिकून असेपर्यंत संदेश पाठवीत राहणारे ग्राही निराळे. त्यांतील पेशींचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख मर्केल यांनी १८७५ मध्ये केले. या पेशी नसलेल्या उंदरांत दाबाचा आरंभीचा संदेश उमटतो, परंतु पुढील सातत्य राहत नाही, असे २०१४ मध्ये प्रयोगाने दिसून आले. दाबाने उघडणाऱ्या ‘पिएझो’ प्रथिनांच्या शोधाबद्दल आर्देम पातापुतियन हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले.

एकाच मज्जातंतूच्या अनेक शाखा अशा पेशींना जोडलेल्या असतात. त्या सर्वांचा एकत्रित संदेश कसा घडतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदराच्या त्वचेवरून संगणकीय प्रतिकृती रचून अभ्यासले. प्रतिकृतीचे तीन टप्पे होते : दाबाने त्वचा किती दबते, त्यातून विद्युतप्रवाह किती निर्माण होतो आणि तंतू संदेश केव्हा सोडतो. शेवटचा टप्पा तळाशी बारीक छिद्र असलेल्या घागरीसारखा समजावा. पाणी भरते, थोडे झिरपते. ठरावीक रेषेपर्यंत चढले की एक संदेश सुटतो, घागर रिती होते व भरणे पुन्हा सुरू होते. दाब जितका अधिक, तितके संदेश भराभर. शिवाय पेशींची एकूण संख्याच नव्हे, तर शाखांवर त्यांची वाटणी कशी आहे, यावरही संदेशांची गती अंशतः अवलंबून असते, असे या गणिताने सुचविले.

ही प्रतिकृती म्हणजे उपचार नव्हे. तथापि तिच्यावरून एक गोष्ट उमगते. साखळीचा एक दुवा निकामी झाला तरी वर्दी पोहोचत नाही. मधुमेहात बहुधा मज्जातंतूंनाच इजा होते. पाय दुखत नाही म्हणजे पाय सुरक्षित, हा समज म्हणूनच घातक ठरतो.

१० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळपायाची संवेदना काही मिनिटांत तपासता येते. मधुमेहींनी ती वर्षातून एकदा तरी अवश्य तपासून घ्यावी. पावले रोज पाहावीत, अनवाणी चालू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस परिचारिकेच्या सांगण्यानुसार वेळच्या वेळी बदलावी. त्वचेची नोंदवही कोरी राहते तेथे आप्तांच्या डोळ्यांनीच नोंद ठेवावयाची आहे, ही आमची नम्र विनंती.