पिकअप गाडीच्या बॅटरीची परीक्षा

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरीची तोडणी ऐन थंडीत चालते. हे फळ नाजूक असून तोडल्यानंतर फार काळ टिकत नाही. माल भरून झाला आणि गाडीच सुरू झाली नाही, तर पसरणीचा घाट उतरण्यापूर्वीच नुकसानीस आरंभ होतो. अशा वेळी बॅटरी संपली असे मानून पुष्कळजण नवी विकत आणतात. दोष मात्र अनेकदा अन्यत्र असतो. तो क्रमाने शोधल्यास खर्च वाचतो.

थंडीतच अडचण का? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते. त्यासाठी स्टार्टरला, म्हणजे चालकांच्या भाषेतील 'सेल्फ'ला, इंजिन जोराने फिरवावे लागते. सुमारे १,३७० मीटर उंचीवरील पहाटेच्या गारठ्यात इंजिनातील तेल घट्ट होते आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. काम वाढते व बळ घटते.

१. जोड पाहावेत. टर्मिनलवर पांढरा वा हिरवट थर असल्यास प्रथम ऋण तार व नंतर धन तार काढावी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर धुवावा. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. कोरडे करून उलट क्रमाने तारा घट्ट बसवाव्यात. इंजिनाकडे जाणारी तारही तपासावी.

२. दाब मोजावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत मीटरवर १२.६ व्होल्ट दिसल्यास बॅटरी पूर्ण भारित, १२.२ ला सुमारे निम्मी, व १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेल्यास ती आतून दुर्बल झाली आहे, असे मानण्यास हरकत नाही. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास सहाही कप्प्यांतील द्रवाची घनता हायड्रोमीटरने पाहावी. एकाच कप्प्याचा आकडा इतरांहून ०.०५० ने कमी आल्यास तो कप्पा निकामी होय.

३. भरणी तपासावी. इंजिन चालू असता दाब साधारणतः १३.८ ते १४.५ असावा. तो १२.६ च्या वर चढत नसेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. येथे नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत रिकामी होईल.

४. गळती शोधावी. भरलेली बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर मागाहून बसविलेले दिवे वा ध्वनियंत्र बंद केल्यावरही वीज ओढते काय, हे वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे.

सेल्फ जोराने फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर दोष बॅटरीचा नसून हीटर प्लगचा किंवा इंधनाचा असण्याचा संभव अधिक.

दक्षता : भरणी होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, जवळ विडी वा काडी पेटवू नये. आतील आम्ल त्वचा व डोळ्यांस घातक आहे. पातळी घटल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे; झऱ्याचे अथवा नळाचे घालू नये. उतारावर गाडी सोडून सुरू करण्याची सवय घाटात प्राणघातक ठरू शकते, कारण इंजिन बंद असता ब्रेक व सुकाणू दोन्ही जड होतात.

हंगामापूर्वी, कार्तिकातच, ही परीक्षा विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावी करून दाखवावी. पहाटेची अडचण आदल्या महिन्यातच टळते.