रीत आणायची तर माणसासकट

माझ्या भाचीने पोलंडचा मुलगा पसंत केला आणि लग्न कोल्हापुरातच करायचं ठरलं. ताईने सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात घातली. तोवर भाचीच्या मोबाइलमध्ये जगभरच्या लग्नरीतींची यादी तयार होती: मेक्सिकोत जोडप्याच्या खांद्यांवर टाकतात ती दुपेडी माळ, जपानी लग्नातले साकेचे तीन पेले, ज्यू नवरदेव पायाखाली फोडतो तो काचेचा पेला. त्यातलं मांडवापर्यंत काहीच पोचलं नाही, आणि लग्न मात्र दोन्ही देशांचं झालं. तुमच्याही घरात असा घाट घातला जात असेल, तर हे अनुभवाचे बोल.

१. जिचा माणूस मांडवात आहे, तीच रीत घ्या.
मेक्सिको आणि जपान इथेच गळाले. त्या पेल्याचं तर मी भाचीला स्पष्ट सांगितलं. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आनंदाच्या क्षणीही विसरायचा नाही, म्हणून तो फोडतात. दुसऱ्यांचं दुःख टाळ्यांसाठी उचलू नये. पोलंडच्या रीती मात्र व्याही-विहीण स्वतःच्या हातांनी करणार होते.

२. आधी सरकारी कागद, मग हळद.
मुलगा कॅथलिक, मुलगी हिंदू. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, त्यामुळे सप्तपदीने मन भरतं, नोंद होत नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात तीस दिवसांची नोटीस, दोघांपैकी एकाचा त्याआधी जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम आणि तीन साक्षीदार हवेत. मुहूर्त काढण्याआधी हे दिवस मोजा.

३. जोड सापडते तिथेच रीत रुजते.
पोलंडमध्ये नवपरिणितांचं स्वागत आईवडील दारात पाव आणि मीठ देऊन करतात. आपल्याकडे भाकरतुकडा ओवाळून टाकतात. मग उंबऱ्यावर दोन्ही विहिणी शेजारी उभ्या राहिल्या. विहीणबाईंनी ताईच्याच ओव्हनमध्ये गोल पाव भाजला होता, मधोमध मिठाची चिमुकली वाटी रुतवलेली. दोघांनी तुकडा मोडून मिठात बुडवून खाल्ला. तिकडे वरातीची गाडी गावकरी वाटेत अडवतात आणि दारूची बाटली घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आपल्याकडे नणंद दार अडवते. त्यामुळे नवऱ्याच्या बहिणीला काही शिकवावंच लागलं नाही. तिने पेढ्यांचा अख्खा पुडा वसूल केला.

४. कुणाला काय खुपेल, ते आधीच विचारा.
पोलंडच्या जुन्या माणसांत पाव जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घेतात. आणि आपण भाकरीचा तुकडा डावी-उजवीकडे भिरकावतो! आदल्या रात्री जेवताना हा विषय निघाला म्हणून बरं. तो तुकडा दृष्ट काढून टाकायचा असतो, हे कळल्यावर विहीणबाई हसल्या. न सांगता टाकला असता, तर ऐन उंबऱ्यात त्यांचा चेहरा उतरला असता.

५. कार्यालयाचे नियम आणि अनवाणी पाय लक्षात ठेवा.
पावाबरोबर व्होडकाचे पेले येतात आणि पिऊन झाल्यावर ते मागे भिरकावून फोडतात. मंगल कार्यालयात दारू चालत नाही आणि मांडवात सगळे अनवाणी. म्हणून मातीच्या कुल्हडांत कोकम सरबत दिलं आणि कुल्हड बाहेरच्या पायरीवर फोडले. आवाजाची हौस फिटली, काच कुणाच्या पायात गेली नाही.

६. ज्येष्ठांना अवघडवू नका.
तिकडे जेवताना पाहुणे ‘कडू, कडू’ असा गलका करतात. मग जोडप्याने चुंबन घेऊन पेयातला कडवटपणा घालवायचा. आमच्या आत्याबाई पहिल्याच पंक्तीला होत्या. आम्ही ठरवलं की गलका झाला की दोघांनी एकमेकांना जिलेबीचा घास भरवायचा, आणि भाचीने नाव घ्यायचं. पोलिश मंडळींना जिलेबी पटली, आत्याबाईंना उखाणा.

७. पाहुण्यांना काय करायचं ते कागदावर द्या.
एका पानावर दोन भाषांत क्रम छापला होता. तरी नवऱ्याच्या काकांनी पहिल्याच ‘सावधान’ला मूठभर अक्षता एकदम उधळल्या आणि पुढच्या प्रत्येक मंगलाष्टकाला रिकाम्या हाताने उभे राहिले. शेवटी पुढच्या रांगेतल्या पोरांनी आपल्यातल्या अक्षता त्यांना वाटून दिल्या. ‘थोड्या थोड्या टाका’ हे ठळक अक्षरांत छापा.

८. ‘आपल्यात असं नसतं’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका.
एवढंच विचारा की नवरदेवाचे जोडे पळवणं आपल्याकडे कधीपासून आलं? १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर ते घरोघरी बोकाळलं. संगीत आणि मेहंदीचे स्वतंत्र कार्यक्रमही उत्तरेकडूनच आले. परक्या रीतींना आपला मांडव कधीच बंद नव्हता.

९. मांडवाबाहेरचंही नातं शोधा.
बस्ता बांधायला आम्ही गांधीनगरच्या कापडबाजारात गेलो, तेव्हा व्याह्यांनाही नेलं. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते १९४८ या काळात तिथल्याच वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते गेल्यावर फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी हा बाजार उभा केला. व्याही दुकानात बसून सगळं ऐकत होते. मग शालू त्यांनीच निवडला आणि भाव करायला ताईला पुढे केलं.

लग्नात नवी रीत हवी असेल, तर मोबाइल बाजूला ठेवा आणि विहीणबाईंना फोन लावा. ‘तुमच्याकडे दारात काय करतात?’ एवढंच विचारा. त्या सांगतील त्यातल्या दोन रीती नीट करा. तेवढ्या पुरतात.