घर घेण्यापूर्वी मोजणी करून घ्या

कापडाचे थान घेताना आपण चिठ्ठीवरच्या मीटरवर भरवसा ठेवत नाही, उलगडून मोजतो. मात्र आयुष्यभराच्या कमाईचे घर घेताना विकणारा सांगेल ते क्षेत्र खरे धरतो. मालेगाव, भिवंडीच्या जुन्या मोहल्ल्यांत कितीतरी सौदे केवळ घरपट्टीची पावती पाहून होतात. घरपट्टी ही कर वसुलीसाठी लावलेली असते. तिने मालकी सिद्ध होत नाही आणि हद्दही कळत नाही.

जेथे सिटी सर्व्हे झाला आहे तेथे प्रत्येक मिळकतीची मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. आता ऑनलाइनही मिळते. हे कागद पाहून आमच्या उर्दू शाळेत शिकलेल्या बांधवांनी घाबरू नये. हद्द, कब्जा, दस्त, तकरार हे सारे आपल्या ओळखीचेच शब्द आहेत.

कार्डावर प्रथम नाव पाहा. अजूनही आजोबांचेच नाव असेल तर सर्व वारसांची नोंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहिणींचाही त्यात हिस्सा असतो. एकट्या भावाची सही पुरेशी नाही. "वडिलांनी मला तोंडी हिबा केला होता" असे कोणी म्हटले तर त्या वेळी ताबा दिला होता काय आणि फेरफार नोंद झाली काय, हे विचारा. जागा वक्फची असेल तर सौदा तेथेच सोडा, कारण वक्फ मिळकतीची विक्री कायद्याने रद्दबातल आहे.

नंतर क्षेत्र. कार्डावर ते चौरस मीटरमध्ये असते आणि सौदा फुटांत होतो. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. समजा, विकणारा 600 फूट म्हणतो आणि कार्डावर 52 चौरस मीटर आहे. हिशेब होतो सुमारे 560 फूट. फुटाला 3000 रुपये भाव असेल तर 40 फुटांचे 1,20,000 रुपये हवेचे गेले!

कार्ड बरोबर असले तरी जमिनीवर तेवढी जागा असेलच असे नाही. शेजाऱ्याची भिंत दोन फूट आत आलेली असते, किंवा आपल्याच जिन्याखाली पालिकेची गल्ली असते. हे सरकारी मोजणीतच उघड होते. मोजणीचा अर्ज धारकाच्या नावाने होतो, म्हणून विकणाऱ्याकडूनच तो करवून घ्यावा लागतो. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन मोजतो आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. त्यात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसतात. मोजणीने मालकी ठरत नाही. त्यासाठी वकिलाकडून मागील 30 वर्षांचा शोध वेगळा घ्यावा.

खेड्यातील गावठाणात पूर्वी अशी कार्डे क्वचितच असत. 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू झाल्यापासून ड्रोनने मोजणी होऊन ती दिली जात आहेत. ज्या गावात ती मिळालेली नाहीत तेथे निदान चारही शेजाऱ्यांना उभे करून हद्दी कबूल करून घ्या.

अडचण येते ती इसाराच्या वेळी. विकणारा म्हणतो, "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, मोजणीला महिने लागतील." अशा वेळी इसार थोडा द्यावा, पण इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्यावे की मोजणीत भरेल तेवढ्याच क्षेत्राचे पैसे दिले जातील आणि हद्दीची तकरार निघाल्यास इसार परत मिळेल. मोजणीच्या दिवशी दुकान बंद ठेवून स्वतः हजर राहावे, आणि खरेदीखतात चतुःसीमा 'क' प्रतीवरूनच उतरवावी.