एक कोट, एक तसबीर

रने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ल मिलियों' (1931) हा कृष्णधवल चित्रपट सुरू होतो पॅरिसच्या छपरांवर. रात्र आहे, एका घरात नाचगाणं चाललंय, आणि शेजारी वरच्या झरोक्यातून वाकून विचारतात, एवढा कसला जल्लोष? मी तो पाहिला बडोद्याच्या घडियाळी पोळात, मैत्रिणीच्या आजींसोबत. सबटायटल्स इंग्रजीत, त्यामुळे मराठी धावतं समालोचन माझ्याकडे. आजींना छपरांचं काही नवल वाटलं नाही. "पोळात असंच. भिंतीला भिंत, सगळ्यांना सगळं कळतं."

मिशेल हा कर्जबाजारी चित्रकार. उधारीवाले दाराशी उभे, आणि नेमकी त्याला लॉटरी लागते. तिकीट जुन्या कोटाच्या खिशात आहे आणि कोट गायब! त्याच्या वाग्दत्त बेआत्रिसने तो पोलिसांपासून पळणाऱ्या एका चोराला देऊन टाकलाय. तिथून कोट जातो एका ऑपेरा गायकाकडे, नाटकातला गरीब माणूस दिसायला. मग सगळे त्या कोटामागे.

इथे आजींनी मला थांबवलं. "अगं, हे तर संशयकल्लोळ!"

खरंच की. गो. ब. देवलांनी 1893 मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं, त्याचंच 1916 मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' झालं. ते गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं, आणि या मंडळीला आश्रय होता बडोद्याच्या सयाजीरावांचा. देवलांनी आधार घेतला आर्थर मर्फीच्या 1761 च्या इंग्रजी नाटकाचा, आणि मर्फीने मोलिएरच्या 1660 च्या 'स्गानारेल'चा. म्हणजे हा फ्रेंच फार्स पोळातल्या आजींच्या ओळखीचाच निघाला, फक्त लंडनवरून वळसा घालून आलेला.

दोन्हीकडे घोटाळा एका वस्तूमुळे होतो, हे तर दिसतंच. पण आजींचा पुढचा प्रश्न जास्त नेमका होता: "पण कोट दिला कुणी? तिनेच ना?" हो. मिशेल दुसऱ्या मुलीशी सलगी करताना दिसला म्हणून थोडा राग, आणि चोराची थोडी दया. इकडे रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो. कृत्तिकेला तेवढंच दिसतं, आणि रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर तिला सापडते. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मदत करणाऱ्याला कुणी संशयाने पाहत नाही. फार्समध्ये मदत करताना कुणीतरी खिडकीतून पाहतंच!

फरक मात्र मोठा आहे. देवलांचा घोटाळा माणसांच्या डोक्यात आहे; समोरासमोर बोलले की सुटतो. क्लेअरच्या गोष्टीत कितीही बोला, कोट हातात यायलाच हवा. त्यासाठी ऑपेराच्या रंगमंचावर जी खेचाखेच होते, तिला क्लेअरने चक्क खेळाच्या मैदानातल्या शिट्ट्यांचे आणि गर्दीचे आवाज दिलेत. बोलपट नुकता आला असताना! माझ्या मते चित्रपटातली सर्वांत धीट जागा हीच.

आणि ते उधारीवाले? लॉटरीची बातमी कळताच कोरसमध्ये गातात, मेजवानीची तयारी करतात. तिकीट अजून सापडलेलंच नाही, म्हणजे मेजवानीचीही उधारी. ते शेवटी परत आणून देतो तोच, बेआत्रिसने कोट दिलेला चोर.