नाल्याला कर्ज कोण देणार?

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून आधी राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी विचारतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांवर गेलं, महामार्ग बंद पडला. तेव्हापासून ‘इंजिनिअर लागणार’ हे सगळ्यांना पटलंय. कॉमर्सला गेलेल्या पोराच्या आईबापांना मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही, की इथं त्यांच्या पोरालाही काम आहे.

कारण अशी कामं कर्ज काढून करायची तर खरा प्रश्न फेडीचा असतो. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी उभे केले, तेही सामान्य गुंतवणूकदारांनाही विक्री खुली ठेवून. पैसा सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी उपसायला लागणारं वीजबिल वाचणार, हा त्यामागचा हिशेब. पुण्याने २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे विकले. पतमानांकन चांगलं होतं म्हणून ते विकले गेले. आता कोल्हापुरातल्या जयंती नाल्याचं काय? त्याच्यावर ना बिल येतं, ना पट्टी. म्हणूनच कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी राज्य सरकारला जागतिक बँकेच्या दारात जावं लागलं. कुठल्या कामाला रोखे, कुठल्याला अनुदान आणि कुठल्याला सवलतीचं कर्ज, हे ठरवणं, हेच ते कॉमर्सच्या पोराचं काम.

रस्ते अनेक आहेत. सीए किंवा सीएमए करून पतमानांकन संस्थेत जाता येतं. एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आहे. सिव्हिलची पदवी घेऊन पुढे अर्थशास्त्र किंवा फायनान्स शिकलेला तर दोन्हीकडची भाषा बोलतो, आणि अशी माणसं कमी आहेत. पण स्पष्ट सांगतो, सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक पुण्या-मुंबईतच मिळतील. आणि ‘ग्रीन फायनान्स’ असं चकचकीत नाव लावलेल्या सहा महिन्यांच्या कोर्सला लाखभर रुपये मोजू नका. ताळेबंद वाचता येत नसेल तर ते प्रमाणपत्र भिंतीवरच शोभेल.

पोराला खरंच गोडी आहे का, हे बघायला फी लागत नाही. कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पंपही विजेवरच चालतात. महापालिकेचं अंदाजपत्रक मिळवा, त्यात पाणीपुरवठ्याचं वीजबिल शोधायला सांगा आणि विचारा, इंदूरचा हिशेब इथं बसतो का? दोन दिवसांनी तो आकड्यांवरून तुमच्याशी वाद घालायला लागला, तर कॉमर्सची फी भरायला हरकत नाही.