वाऱ्याआधी दाब बघा

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर, मागे नारळ-पोफळीची वाडी. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने उभी वाडी आडवी केली, पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याच्या कडेकडेने वर गेलं. छपरावर वारा मोजायचं तीन पेल्यांचं यंत्र आहे आणि ओटीवर काकांचा दाबमापक. काका बोटीवर होते, त्यांचीच ती ठेव. “काय हो, आज कितीचा वारा?” असं शेजारी विचारतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

१. घरचा आकडा वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघू नका. वेधशाळेचं यंत्र मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटरवर असतं आणि चक्रीवादळाचा जो वेग सांगतात तो तीन मिनिटांची सरासरी असते. आमचं यंत्र माडांच्या आडोशाला. ते कमीच दाखवणार. म्हणून ते फुकट नाही. किती आकड्याला पडवीचा पत्रा वाजायला लागतो, कितीला चुडतं गळतात, हे दोन पावसाळ्यांत कळतं. तो आकडा आला की अंगणात कोणी जायचं नाही, एवढा नियम घरात असला की यंत्राचे पैसे वसूल.

२. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरच्या एका चौरस मीटरवर साधारण ४८ किलोचा भार टाकतो, १२० चा जवळजवळ ७० किलोचा. खिडकीच्या जुन्या कडीकडे हे आकडे मनात ठेवून एकदा बघा. छपराचं गणित तर उलटंच. वारा छप्पर दाबत नाही, वरून ओढून घेतो, आणि सुरुवात कडेपासून होते. म्हणून कडेची कौलं तारेने रिपेला बांधायची आणि पत्र्याचे हुक कडेला जास्त लावायचे.

३. माझ्या मते वाऱ्यापेक्षा दाब मोजणं जास्त मोलाचं. वारा वाढलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मात्र दाब वाचायची एक खुबी आहे. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. दुपारी काटा थोडा उतरला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण सकाळी आठ ते दहा, काटा चढायच्या वेळेला उतरू लागला, तर कामं टाकून घराकडे बघायचं. ‘निसर्ग’च्या दिवशी तेच झालं. दर तासाला काचेवर बोटाने टिचकी मारायची आणि काटा किंचित डावीकडे सरकायचा. वादळ दुपारी किनाऱ्यावर चढलं. सकाळच्या त्या वेळात गुरं आत बांधून झाली होती. काहींच्या मोबाइलमध्येही दाब मोजायची सोय असते, तेवढ्यानेसुद्धा काम भागतं.

४. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचा मध्य तुमच्या डाव्या हाताला असतो. ‘निसर्ग’चा मध्य आमच्या उत्तरेकडे श्रीवर्धन-दिवेआगर भागात चढला, त्यामुळे आमच्याकडे वारा आग्नेयेचा, मग दक्षिणेचा आणि शेवटी पश्चिमेचा झाला. एका दिशेचा मार खाऊन सैल झालेलं झाड दुसऱ्या दिशेने पडतं. आणि मध्य डोक्यावरूनच गेला तर वारा चक्क पडतो. लोक बाहेर येऊन कौलं बघू लागतात. तेव्हा बाहेर यायचं नाही, कारण थोड्या वेळाने तो उलट बाजूने येतो.

५. वीज आधी जाते. यंत्राचा घरातला भाग सेलवर चालणारा घ्या, आकडे वहीत लिहा, पेन्सिलीने. खाऱ्या हवेत पेल्यांचा आस धरतो आणि कोळी जाळी विणतात. दरवर्षी मे महिन्यात साफ करायचं.

६. गच्चीवरची टाकी तोंडापर्यंत भरायची. ५०० लिटरच्या टाकीत अर्धा टन पाणी असतं, ती जागची हलत नाही. रिकामी असेल तर शेजाऱ्याच्या वाडीत शोधावी लागते. शिवाय पंप बंद पडल्यावर तेच पाणी पुरवायचं असतं. विहिरीचा रहाट मोडीत काढला असेल तर परत बसवा.

७. वादळ गेल्यावर पहिला धोका तारांचा, दुसरा वाकून अडकलेल्या झाडांचा. ताणलेलं खोड तोडताना उसळतं. ते काम माहीतगार माणसालाच द्यावं. आणि पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा आधी काय होतं हे दाखवता यावं लागतं. येत्या मे महिन्यात, आभाळ कोरडं असताना, घराला एक फेरी मारा आणि छपराचे, गोठ्याचे, वाडीतल्या फळत्या झाडांचे तारखेसह फोटो काढून मुंबई-पुण्यातल्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा.