हबवरचे दिवे काय सांगतात?

दुकानात संगणक आला की त्याच्या पाठोपाठ एक लहानशी डबी येतेच. भिंतीवर खिळ्याला टांगलेली, पाच-आठ तोंडांची, पुढच्या अंगाला बारीक दिवे लुकलुकणारी. लोक तिला हब म्हणतात. वास्तविक आज बाजारात मिळतो तो स्विच. खरा हब या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच मागे पडला, पण नाव राहिले. आमच्याकडे जुनी गिऱ्हाइके पॉलिएस्टरच्या कुठल्याही कापडाला टेरिलीनच म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि लहान व्यापाऱ्याचेही बिल संगणकावर चढू लागले. काउंटर, गोदाम, छपाईयंत्र, सगळे या डबीतून एकमेकांशी बोलतात. ती अडली की धंदा अडतो. रत्नागिरी शहरात कारागीर तासाभरात येईल. पण आरे-वारेच्या किनाऱ्यावर, गणपतीपुळ्याच्या वाटेवर जेवणघर किंवा राहण्याच्या खोल्या चालवणाऱ्याचा मे महिन्यात अर्धा दिवस जातो, वर कारागिराचे जाण्या-येण्याचे भाडे. तिथल्याच एका मालकाला एका कारागिराने ‘हब जळाला’ म्हणून नवा घ्यायला लावला. आठ दिवसांत पुन्हा तेच रडगाणे, कारण दोष केबलच्या टोकाला होता. जुन्या हबचा दिवा ते सांगत होता, पण वाचणारा कुणी नव्हता.

हे दिवे आले कुठून? ईथरनेटची कल्पना १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या जोडीने ती उभी केली. तेव्हा सगळ्या यंत्रांना मिळून एकच जाड केबल असे. ती कुठेही तुटली की सगळेच बंद, आणि तुटली कुठे ते शोधता शोधता जीव मेटाकुटीला येई. १९९० साली पीळ दिलेल्या तारांची पद्धत मान्य झाली. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र केबल मधल्या हबपर्यंत येऊ लागली, आणि म्हणून प्रत्येक केबलला स्वतःचा दिवा देता आला.

केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. दुपदरी सुताला पीळ देतात तसा प्रत्येक जोडीला पीळ असतो. सुतात पीळ मजबुतीसाठी. इथे तो बाहेरचा विजेचा उपद्रव आणि शेजारच्या जोडीची कुजबुज मारण्यासाठी. म्हणून टोकाला प्लग बसवताना हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये. घाईतला कारागीर दोन इंच उकलतो. दिवा लागतो, पण माल नीट पोहोचत नाही.

आता दिवे. पहिला पॉवरचा. तो नसेल तर आधी अडॅप्टर पाहावा; डबीपेक्षा अडॅप्टरच लवकर मरतो. दुसरा अडॅप्टर लावताना व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पियर कमी नकोत आणि पिनेची उलटसुलट बाजू जुळली पाहिजे.

दुसरा दिवा लिंकचा, आणि सगळी गंमत यातच आहे. केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रे, काम असो वा नसो, एकमेकांना ‘मी आहे’ असे कळवत असतात. जुन्या दहा मेगाबिटच्या यंत्रांत ही टकटक सेकंदाला साधारण साठ वेळा होई. ती ऐकू आली की दिवा लागतो. लक्षात ठेवावे, दिवा सांगतो ते आपल्याला काय ऐकू येते. आपले बोलणे पलीकडे पोहोचते की नाही, ते पलीकडचा दिवा सांगतो. त्या जुन्या यंत्रांत एका बाजूची जोडी तुटली तर एका टोकाला दिवा लागे, दुसऱ्या टोकाला नाही. म्हणून दोन्ही टोके पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

हाच दिवा लुकलुकला की माल येतो-जातो आहे असे समजावे. काही डब्यांत त्यासाठी वेगळा दिवा असतो. खऱ्या हबमध्ये एकाने पाठवलेले सगळ्यांकडे जाते, त्यामुळे सगळे दिवे एकदम मिणमिणतात. स्विच मात्र ज्याचे त्यालाच देतो. जुन्या हबवर आणखी एक दिवा असे, कोलिजनचा, म्हणजे दोघे एकदम बोलल्याचा. तो अधूनमधून चमकणे साहजिक; सतत जळत राहिला तर काहीतरी बिघडले.

रंगावरून मात्र घाईने मत बनवू नये. नारिंगी म्हणजे बिघाड, असे नाही. पुष्कळ डब्यांत हिरवा म्हणजे हजार मेगाबिटचा वेग आणि नारिंगी म्हणजे शंभर किंवा दहाचा. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, म्हणून खोक्यातला कागद फेकू नये. पण काल हिरवा असलेला दिवा आज नारिंगी झाला, तर कान टवकारावेत. शंभरच्या वेगाला चार तारा पुरतात, हजारच्या वेगाला आठही लागतात. एखादी तार सैल झाली की बरीच यंत्रे मुकाट्याने खालच्या वेगावर येतात. काम चालू असते, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

लिंकचा दिवा आहे आणि इंटरनेट नाही, ही तक्रार नेहमीची. त्या दिव्याचा इंटरनेटशी संबंधच नाही; तो फक्त या डबीपासून त्या यंत्रापर्यंतचे सांगतो. बाहेरचे पाहायचे तर फायबरच्या डबीवरचा ‘लॉस’ दिवा पाहावा. तो लाल असेल तर प्रकाश तुमच्यापर्यंत येत नाही. कारागिराला न बोलवता कनेक्शन देणाऱ्याला फोन करावा.

आणि सगळेच दिवे एका ठेक्यात वेड्यासारखे लुकलुकत असतील, काम मात्र ठप्प? झाडलोट करताना कुणीतरी सुटी केबल उचलून तिची दोन्ही टोके त्याच डबीत खुपसलेली असतात. तोच माल गोल गोल फिरत राहतो. एक टोक काढले की शांत.

एखाद्याच तोंडाचा दिवा गेला तर ती केबल शेजारच्या, दिवा लागलेल्या तोंडात लावून पाहावी. तिथे लागली तर तोंड खराब. नाही लागली तर चांगली केबल आणून पलीकडचे यंत्र तपासावे. बहुतेकदा दोष केबलचाच निघतो. किनाऱ्यावर खारा वारा प्लगच्या पिनांवर हिरवट जंगाल चढवतो. सोन्याचा मुलामा पातळ असलेले स्वस्त प्लग पहिल्या पावसाळ्यातच जातात. असा प्लग कापून नवा बसवावा; घासून फार दिवस निभत नाही.

केबल शंभर मीटरच्या आत हवी, आणि गुंडाळी करून ठेवलेला भागही त्यात मोजावा. एका इमारतीतून दुसरीत न्यायची असेल तर तांब्याऐवजी फायबर बरी. काचेतून आकाशातली वीज येत नाही. तांब्याची असेल तर गडगडाटाच्या दिवसांत तिचा प्लग काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. अशा झटक्याने कधी एकच तोंड मरते. पॉवरचा दिवा असतो, बाकीची चालतात, पण त्या एकाचा दिवा लागत नाही किंवा केबल नसतानाही जळत राहतो. त्यावर चिकटपट्टी लावून बाकीची वापरावीत.